दोरा आधी ओला करून बघा

पांढरा शर्ट पावसात भिजला की आतला बनियन कुठल्या रंगाचा आहे, हे सगळ्या बसस्टॉपला कळतं. तोच शर्ट कोरडा असताना अगदी सज्जन असतो, आतलं काही बाहेर येऊ देत नाही. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. विषय मात्र शर्टाचा नाही. ट्राउट नावाच्या माशाला फसवायला जी खोटी माशी बांधतात, तिच्यासाठी दोऱ्याचा रंग कसा निवडायचा, हा विषय आहे.

फ्लाय टायिंग म्हणतात त्याला. तुमच्या फीडवर एकदा तरी येऊन गेलंच असेल. टेबलावरच्या छोट्या शिकंज्यात अडकवलेला नखाएवढा गळ, त्यावर गरगर फिरणारा दोरा, मग एखादं पीस, चिमूटभर फर, पुन्हा दोरा, शेवटी गाठ. कुणी बोलत नाही, मागे मंद संगीत. तीन मिनिटांत गळाची माशी होते. इंटर्नशिपला जाता-येता पीएमटीत उभ्यानं मी असे इतके व्हिडिओ बघितले की शेवटी शिकंजा मागवला आणि स्वतः बांधायला लागले. पीजीमधल्या रूममेटच्या मते हा प्रकार भरतकाम आणि डेंटिस्ट यांच्या मधला आहे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे आलाय ट्राउट? नाहीच. त्याला थंड, वाहतं, ऑक्सिजननं भरलेलं पाणी लागतं. पाणी विशीच्या वर तापायला लागलं की तो कासावीस होतो. आपल्या मुठेत तो जगायचा नाही (मुठेत हल्ली कोण जगतं, हा वेगळा लेख होईल). पण सुट्टीत तुम्ही ज्या हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्रेकला जाता, तिथल्या नदीत ब्राउन ट्राउट आहे. काश्मीरमध्ये आहे, निलगिरीत रेनबो ट्राउट आहे. मूळचा तो यापैकी कुठलाच नाही, इंग्रजांनी आपल्या करमणुकीसाठी आणून सोडला. काश्मीरला १९००च्या सुमारास त्याची अंडी विलायतेहून बोटीनं आली. त्यामुळे या छंदाची सगळी पोथी इंग्लंड-स्कॉटलंडच्या नद्यांवर लिहिली गेली आहे, आणि दोऱ्याच्या रंगाबद्दल बोलायचं तर तिकडेच जावं लागतं.

मुद्दा असा. तुम्ही बांधायला सुरुवात केली की दोऱ्याबद्दल दोन सल्ले मिळतात. पहिला, 'काळा घे, काळा सगळ्याला चालतो.' दुसरा, 'प्रत्येक माशीला तिच्या रंगाचा दोरा हवा', आणि त्यासोबत चाळीस रिळांच्या सेटची लिंक. पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात धंदा आहे. माझं म्हणणं, दोन्ही चूक आहेत, आणि दोन्हीचं मूळ एकच आहे: दोरा कोरडा असताना निवडला जातो. मासा कोरडी माशी बघत नाही.

आधी दोरा करतो काय, ते बघा. वरवर त्याचं काम बांधण्याचं. गळाच्या दांडीवर आधी दोऱ्याचे वेढे घालतात, त्या वेढ्यांवर बाकीचं सामान चढतं. चौदा नंबरच्या गळाची दांडी जेमतेम एक सेंटिमीटर भरेल. तिच्यावर कीटकाचं पोट तयार करायला डबिंग वापरतात. डबिंग म्हणजे पिंजलेली फर. ती बोटांत धरून दोऱ्याभोवती वळायची, अगदी देवासमोरच्या समईची वात वळतो तशी, आणि मग ती वात दांडीभोवती गुंडाळायची. ही वात पातळ हवी. नवशिके हमखास जाड करतात आणि मेफ्लायच्या जागी सुरवंट तयार होतो. पण पातळ वात म्हणजे पातळ साडी. खालचा परकर कुठल्या रंगाचा आहे, ते दिसणारच.

कोरडेपणी दिसत नाही, आणि फसगत इथेच होते. कोरड्या फरीच्या किंवा रेशमाच्या तंतूंमध्ये हवा असते. हवा आणि तंतू यांच्यात प्रकाश वाकण्याचा फरक मोठा, म्हणून प्रकाश प्रत्येक तंतूवर आपटून विखुरतो आणि वरचा थर अपारदर्शक दिसतो. पाणी शिरलं की हवेची जागा पाणी घेतं. पाणी आणि तंतू यांच्यातला फरक बराच कमी. विखुरणं कमी होतं, थर अर्धपारदर्शक होतो आणि आतलं बाहेर डोकावतं. भिजलेला शर्ट, बस्स. त्यामुळे फिक्या पिवळ्या फरीखाली काळा दोरा असेल, तर फोटोत माशी लोण्यासारखी पिवळी दिसते आणि पाण्यात गेली की मळकट राखाडी होते. काळा सगळ्याला चालतो म्हणणाऱ्यांनी ही एक माशी वाटीभर पाण्यात टाकून बघावी.

हे मी काही नवं सांगत नाही. उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या लोकांना हे दीडशे वर्षांपूर्वीपासून पक्कं माहीत होतं. त्यांच्या माशांना 'स्पायडर' म्हणतात, कोळ्याशी संबंध नसला तरी. बांधणी बघितलीत तर हसाल. दांडीवर रेशमी दोऱ्याचे वेढे आणि डोक्याशी एखाद्या पाखराच्या मऊ पिसाचे एक-दोन फेरे. संपली माशी. आणि नावं कशी, तर 'पार्ट्रिज अँड ऑरेंज', 'स्नाइप अँड पर्पल'. म्हणजे तितर आणि नारिंगी, पाणलावा आणि जांभळा. नावातला पहिला शब्द पिसाचा, दुसरा दोऱ्याच्या रंगाचा. माशीच्या अर्ध्या नावावर दोऱ्याचा हक्क आहे. आपल्याकडे शिवणाऱ्याचं नाव कपड्यावर येत नाही आणि इथे दोऱ्याचं येतं, बघा.

त्यातल्या 'पार्ट्रिज अँड ऑरेंज'चं नारिंगी रेशीम कोरडं असताना भडक दिसतं, झेंडूच्या फुलासारखं. कुठल्या किड्याचं पोट असं असतं? पण दांडीवर चढवून ओलं केलं की खालच्या काळसर पोलादाचा रंग त्यात मिसळतो आणि ते गडद लालसर तपकिरी होतं. असे किडे मात्र नदीवर भरपूर. म्हणजे रिळावर बघून निवडणारा माणूस हा रंग 'फारच भडक' म्हणून परत ठेवेल आणि बाजूचं तपकिरी उचलेल. ते पाण्यात जवळजवळ काळं होईल. रिळावरचा रंग आणि पाण्यातला रंग ही दोन वेगळी माणसं आहेत, आडनाव फक्त सारखं.

हॅरफील्ड एडमंड्स आणि नॉर्मन ली या दोघांनी १९१६ साली याच भागातल्या माशांवर 'ब्रुक अँड रिव्हर ट्राउटिंग' हे पुस्तक काढलं. त्याच्या काही खास प्रतींत चित्रांवर न थांबता दोऱ्यांचे, फरीचे, पिसांचे खरे नमुनेच चिकटवलेले होते. छापलेल्या रंगावर त्यांचा विश्वास नव्हता. आज आपण मोबाइलच्या स्क्रीनवर, ब्राइटनेस कमी-जास्त करत, 'ऑलिव्ह' आणि 'डार्क ऑलिव्ह'मधला फरक ठरवतो आणि कार्टमध्ये टाकतो.

अजून मागे जा. १८५७ साली स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्टनं 'द प्रॅक्टिकल अँग्लर' लिहिलं. त्याची सगळ्यात लाडकी माशी होती 'ब्लॅक स्पायडर'. नावातच काळा. तिला दोरा कुठला? तपकिरी रेशीम. काळेपणाचं काम स्टार्लिंग पक्ष्याचं चमकदार काळं पीस करतं, दोऱ्यानं तिथे उब आणायची. 'काळी माशी म्हणजे काळा दोरा' हे इतकं उघड वाटतं की कुणी त्यावर विचारच करत नाही. या माणसानं केला होता.

सगळ्यात मजेशीर गोष्ट मेणाची. १८५४ साली डरहॅमचे एक पाद्री, विल्यम ग्रीनवेल, ट्वीड नदीवर मासे धरायला गेले. नदीवर कीटक उडत होते, मासे तेच खात होते आणि पाद्रीबुवांच्या माशांकडे ढुंकून बघत नव्हते. त्यांनी स्प्राउस्टन गावच्या जेम्स राइट नावाच्या कारागिराकडून त्या कीटकासारखी माशी बांधून घेतली. तीच 'ग्रीनवेल्स ग्लोरी', आजही जगभर बांधली जाते. तिचं पोट म्हणजे पिवळं रेशीम. पण नुसतं पिवळं नाही. मोची लोक बूट शिवताना दोऱ्याला जे काळपट, चिकट मेण लावतात, ते या रेशमाला चोळायचं. पिवळ्यावर काळपट मेण चढलं की ऑलिव्ह होतं, जैतुनी हिरवट, हुबेहूब त्या मेफ्लायच्या पोटासारखं. किती वेळा चोळायचं यावर रंग ठरतो. एकदा चोळलं तर फिकट, तीनदा चोळलं तर गडद. एका पिवळ्या रिळातून पाच-सहा छटा निघतात आणि चाळीस रिळांच्या सेटचं अर्धं दुकान तिथेच बंद होतं.

इथे माझ्या आत्याला आणावं लागेल. आत्या घरी साड्यांचं फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. मी तिच्याकडे दोऱ्याच्या तुकड्यांसाठी गेले होते, कारण रंग तपासायला साधा शिवणाचा दोरा चालतो (बांधायला नाही, तो जाड आणि लवदार असतो, चौदा नंबरच्या गळावर दोरखंडासारखा दिसतो). तिनं डबा पुढे केला आणि म्हणाली, "इथे ट्यूबलाइटखाली काय बघतेस? गॅलरीत जा."

"का गं आत्या? रंग तोच ना?"

"तोच असता तर लक्ष्मी रोडवर मॅचिंग सेंटरच्या दारात बायका साड्या घेऊन रस्त्यावर कशाला आल्या असत्या? दुकानात जुळलेला दोरा घरी येईपर्यंत बदलतो. आणि ते मासे काय ट्यूबलाइट लावून बसतात होय?"

विषय संपला. मॅचिंग सेंटर माहीत नसलेल्यांसाठी सांगते. कपड्याचा तुकडा घेऊन जायचा, काउंटरवरचा माणूस शेकडो रंगांतून अस्तर, फॉल, दोरा काढून देतो, आणि अनुभवी गिऱ्हाईक ते सगळं घेऊन उन्हात जाऊन बघतं. तिथे आणखी एक गोष्ट मी ऐकली आहे. ब्लाउज पातळ असला तर अस्तर आधी निवडा, कापड मग. कारण शेवटी दिसणारा रंग दोघांचा मिळून असतो. ट्राउटच्या माशीबद्दल इतकं नेमकं मला कुठल्याच व्हिडिओत ऐकायला मिळालेलं नाही.

अस्तराच्या कल्पनेला टोकाला नेणारा माणूस म्हणजे जे. डब्ल्यू. डन. हा इंजिनिअर, विमानविद्येच्या पहिल्या काळात बिनशेपटीची विमानं बनवणारा. काळाबद्दलचं त्याचं 'ॲन एक्सपेरिमेंट विथ टाइम' १९२७चं, ते जास्त प्रसिद्ध. पण त्याआधी, १९२४ साली, त्यानं 'सनशाइन अँड द ड्राय फ्लाय' लिहिलं. त्याचं म्हणणं, खरी मेफ्लाय पाण्यावर बसते तेव्हा ऊन तिच्या पोटातून आरपार जातं आणि पोट उजळतं. आपल्या माशीच्या पोटात मात्र लोखंडाची काळी दांडी. मग त्यानं काय केलं? दांडीला पांढरा रंग दिला. वर कृत्रिम रेशमाचे वेढे घातले आणि त्याला तेल लावलं. तेलानं रेशीम पारदर्शक झालं, आतला पांढरा चमकला आणि वरच्या दोऱ्याचा रंग आतून दिवा लावल्यासारखा पेटला. कंदिलाच्या कागदासारखं. आज गळाला रंग देत बसायला कुणाला वेळ नाही, गरजही नाही. पांढऱ्या दोऱ्याचा एक पातळ थर दांडीवर दिला की तेच काम होतं. म्हणूनच चाळीस रिळांत कुणी ढुंकून न बघणारं पांढरं रीळ मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, माशाला एवढं कळतं का? रंग ट्राउटला दिसतात, एवढं नक्की. पण प्रत्येक वेळी त्याला रंगाची पर्वा असते, असं मी म्हणणार नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या, भरपूर पिसांच्या माशीकडे तो खालून, उजेडाच्या दिशेनं बघतो. त्याला मुख्यतः आकार आणि सावली दिसते. अशा माशीला आत कुठला दोरा आहे, यानं फारसा फरक पडत नाही. हरणाच्या केसांच्या जाडजूड माशा, लहान माशांच्या आकाराचे मोठे स्ट्रीमर, जाड लोकरीचं पोट असलेल्या माशा, इथे हातात येईल तो दोरा लावा. अगदी काळाही. रंग महत्त्वाचा होतो तो पोट पातळ असेल आणि माशी पाण्याच्या आत असेल तेव्हा. सगळ्यात जास्त महत्त्वाचा तेव्हा, जेव्हा पोट म्हणजे दुसरं काही नसून दोराच असतो. डासासारख्या इवल्या किड्यांच्या अळ्यांची नक्कल करणारी 'झेब्रा मिज' घ्या. दोरा, त्यावर बारीक चंदेरी तारेचे वेढे, डोक्याशी एक मणी. तिथे दोऱ्याचा रंग चुकला म्हणजे माशीच चुकली.

फ्रँक सॉयर हे नाव या छंदात आदरानं घेतात. दक्षिण इंग्लंडमध्ये एव्हन नदीचा राखणदार होता. त्याची 'फेझंट टेल निम्फ' बहुधा जगातली सगळ्यात जास्त बांधली जाणारी पाण्याखालची माशी असेल. ती बांधताना सॉयर दोरा वापरतच नसे. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेनं बांधायचा. एकतर वजन मिळतं, माशी झटकन बुडते. आणि दुसरं, फेझंटच्या शेपटीच्या पिसाचे तंतू ओले झाले की खालून तांब्याची लालसर झळाळी येते. म्हणजे दोरा टाकून दिला तरी अस्तराचा रंग त्यानं सोडला नाही. हल्ली बरेच जण ही माशी काळ्या दोऱ्यानं बांधतात, तांबं फक्त वरून चार वेढे. फोटोत काही कळत नाही.

याच सॉयरची दुसरी माशी, 'किलर बग', हिची गोष्ट थोडी दुःखाची आहे. चॅडविक्स कंपनीची ४७७ नंबरची रफू करायची लोकर तो वापरायचा. मोजे रफू करायची हो, अगदी घरगुती. कोरडी असताना राखाडी-बदामी, काही विशेष नाही. ओली झाली आणि खालून तांबं डोकावलं की गुलाबी छटा यायची, नदीतल्या गोड्या पाण्याच्या कोळंबीसारखी. कंपनीनं लोकर बंद केली आणि तिची उरलेली कार्डं आज लोक पुराणवस्तूसारखी जपतात, भरमसाट पैसे देऊन घेतात. मला हे पटत नाही. सॉयरनं ती लोकर दुर्मिळ म्हणून घेतली नव्हती, कुठल्याही दुकानात मिळते म्हणून घेतली होती, आणि ओली करून बघितल्यावर घेतली होती. त्याची नक्कलच करायची असेल तर लोकरीच्या दुकानात दहा लोकरी पाण्यात बुडवून बघण्याची करावी. दुकानदार हाकलून देईल, तो भाग वेगळा.

गोड्या पाण्याच्या कोळंबीवरून आठवलं. एका जागी भडक दोऱ्याचीच बाजू मला घ्यावी लागते. युरोपातल्या नद्यांत गॅमरस नावाची ही इवली कोळंबी भरपूर असते, ट्राउटचं रोजचं जेवण. तिला एका परजीवी कृमीची लागण होते. या कृमीची वाढ पूर्ण व्हायला तो माशाच्या पोटात जावा लागतो. मग तो दोन गोष्टी करतो. कोळंबीचं वागणं बदलतो, म्हणजे लपून बसायचं सोडून ती उघड्यावर येते. आणि तिच्या काचेसारख्या पाठीतून त्याचा स्वतःचा नारिंगी ठिपका स्पष्ट दिसतो. निरोगी कोळंबीपेक्षा अशी कोळंबी माशांच्या तोंडी जास्त जाते. आता कोळंबीची माशी बांधताना मध्येच, पारदर्शक पाठीखाली, चमकत्या नारिंगी दोऱ्याचे चार वेढे घालण्याची पद्धत आहे. बघणाऱ्याला वाटतं, नुसता भडकपणा, रील्ससाठी केलाय. पण तो ठिपका पाण्यात खरोखर असतो. असे चमकते दोरे अतिनील किरणं शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून ढगाळ दिवशीही ते उठून दिसतात. याच कारणासाठी बाकीच्या निम्फच्या मानेशीही हल्ली नारिंगी किंवा गुलाबी कॉलर घालतात. तिथे मात्र मला हात आखडावासा वाटतो. प्रत्येक माशीला नारिंगी गळपट्टा म्हणजे 'काळा सगळ्याला चालतो'चंच नवं, रंगीत रूप.

माझा खरा राग फोटोवर आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल. आपण सगळे जे काही बनवतो, केक असो, मेंदी असो, बुलेट जर्नल असो, ते आधी कॅमेऱ्याला दाखवतो. त्यात वाईट काही नाही, मीही दाखवते. पण माशी या वस्तूचा बघणारा ठरलेला आहे, आणि तो फॉलोअर नाही. त्याला पाण्याखालून, भिजलेली, हलती माशी दिसते, तीही क्षणभर. कोरड्या फोटोला लाइक मिळाले की आपण पुढची माशी त्या लाइकसाठी बांधतो. मग वरचे थर जाड होतात, डोकं काळं आणि तुळतुळीत होतं, वार्निशचा थेंब चमकतो, आणि दोऱ्याला फक्त 'नीट दिसतोय का' एवढंच विचारलं जातं. दुकानात टांगलेल्या माशांचंही तेच आहे. त्या आधी गिऱ्हाइकाला पकडण्यासाठी रंगवलेल्या असतात. इन्स्टाग्रामवर माशी बांधणाऱ्यांपैकी कुणी शेवटचा फोटो पाण्याच्या ग्लासात टाकून काढला, तर मी त्याला लगेच फॉलो करेन.

तर मग घ्यायचं काय? पैशाचा प्रश्न खरा आहे. हे दोरे बाहेरून येतात, डिलिव्हरीच रिळापेक्षा महाग पडते आणि इंटर्नचा स्टायपेंड म्हणजे काय हे माझ्या बॅचला विचारा. माझ्या हिशेबानं पाच रिळं पुरतात. पांढरं, फिकं पिवळं, तपकिरी, चमकतं नारिंगी आणि काळं. काळं आहेच यादीत, फक्त शेवटी आहे. ऑलिव्ह मुद्दाम घेतलेलं नाही, ते पिवळ्यावर गडद मेण चोळून होतं. जाडीसाठी डेनिअरचा आकडा बघा. ९००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. सत्तरच्या आसपासचा दोरा बारा ते अठरा नंबरच्या गळांना बरा पडतो. पॉलिएस्टर आणि नायलॉन रेशमाइतके ओले झाल्यावर बदलत नाहीत, हे खरं. पण त्यांच्यावर चढवलेली फर बदलते, त्यामुळे परीक्षा चुकत नाही.

परीक्षा सोपी आहे. गळावर दोऱ्याचा एकच थर द्या, वर फरीची पातळ वात गुंडाळा आणि तिथेच थांबा. पिसं लावू नका. काचेच्या वाटीत पाणी घेऊन त्यात बुडवा, बोटानं हलकेच दाबून आतली हवा घालवा, नाहीतर बुडबुड्यांमुळे ती चंदेरी दिसत राहते. मग गॅलरीत नेऊन एकदा वरून बघा आणि एकदा वाटी डोक्याच्या वर धरून खालून. खालून बघणं विसरू नका, बहुतेक वेळा मासा तिथेच असतो. दोन वेगवेगळ्या दोऱ्यांचे असे दोन गळ शेजारी ठेवलेत तर पाच मिनिटांत तुमचं तुम्हालाच दिसेल, मला पटवायची गरज पडणार नाही. तीर्थनला जाणार असाल तर हे मार्चच्या आधी घरीच उरका. हिमाचलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, तेवढा वेळ हातात आहे. जाताना परवाना काढा, आणि गळाचा काटा चिमट्यानं दाबून बसवा, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही.

पाच रिळंही जास्त वाटत असतील तर एकटं पांढरं घ्या आणि स्टेशनरीच्या दुकानातून तीन-चार रंगांचे पर्मनंट मार्कर आणा. बॉबिनमधून पाच सेंटिमीटर दोरा बाहेर ओढायचा, त्यावर मार्कर फिरवायचा, मग तेवढाच भाग गळावर चढवायचा. पोट नारिंगी आणि डोकं तपकिरी, एकाच दोऱ्यात, दोरा न तोडता. फक्त शाई सुकायला मिनिटभर द्या, नाहीतर ती पिसांना लागते, बोटांना लागते, आणि माझ्या अनुभवानं, रूममेटच्या पांढऱ्या उशीच्या अभ्र्यालाही.